पट्टीला कळतं, बोट कसं पडलं

डिजिटल स्टेज पियानो घ्यायचं तुमच्या डोक्यात असेल, तर मॉडेलांची तुलना करत बसण्याआधी तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कारागिराची ओळख करून घ्या. त्याचं नाव बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी. पियानो त्यानं शोधला. टच रिस्पॉन्स, हॅमर अ‍ॅक्शन, एस्केपमेंट हे शब्द दुकानात तुमच्या कानावर पडतीलच. त्यांच्यामागचं कोडं आधी त्यानं सोडवलंय.

क्रिस्तोफोरीचा जन्म १६५५चा, इटलीतल्या पदुआ शहरातला. त्याच्या लहानपणाबद्दल, शिक्षणाबद्दल कागदोपत्री जवळजवळ काहीच उरलेलं नाही. तो नीट दिसायला लागतो तो थेट १६८८मध्ये. त्या वर्षी टस्कनीचा राजपुत्र फर्डिनांदो दे मेदिची यानं त्याला फ्लोरेन्सला नोकरीवर ठेवलं. राजपुत्राला संगीताचं वेड होतं आणि यंत्रांचंही. त्याच्याकडच्या वाद्यांचा मोठा संग्रह सांभाळायचा, वाद्यं सुरात लावायची, दुरुस्त करायची आणि नवी बनवायची, हे क्रिस्तोफोरीचं काम. पगार महिन्याला १२ स्कुडी. सुरुवातीला त्याला शंभरेक कारागिरांच्या सामायिक कारखान्यात बसवलं. ज्याचं सगळं काम कानावर चालतं त्याच्याभोवती दिवसभर ठोकाठोक! त्याला ते मुळीच रुचलं नाही. पुढे त्याला स्वतःची वेगळी जागा मिळाली.

त्या काळी युरोपात पट्ट्यांची दोन तारवाद्यं घरोघर आणि दरबारात होती. एक हार्प्सिकॉर्ड. त्याची पट्टी दाबली की आत पिसाच्या काडीची नखी तार छेडते. आवाज खणखणीत, पण बोट हळू पडो की जोरात, तो साधारण तेवढाच. दुसरं क्लॅविकॉर्ड. त्यात बोटाचा जोर सुरात उतरतो, पण आवाज इतका नाजूक की शेजारच्या खोलीतही जेमतेम पोचावा. म्हणजे एकाला आवाज होता आणि दुसऱ्याला भाव. आपल्या पेटीचं उदाहरण घ्या. पेटीची पट्टी कशीही दाबा, आवाज लहान-मोठा होतो तो भात्यावर. हार्प्सिकॉर्डला तर भाताही नव्हता.

क्रिस्तोफोरीला दोन्ही एकाच वाद्यात हवं होतं. त्यानं तार छेडायचं सोडलं आणि ठोकायचं ठरवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी अडचण तिथेच सुरू होते. तबल्यावर मोकळा बोल वाजवून बोट लगेच उचललं नाही तर नाद दबतो ना? तसंच इथे. पट्टी दाबून ठेवली आणि हातोडी तारेला चिकटून राहिली, तर सूर जन्मतःच गुदमरणार.

त्याचं उत्तर अफाट होतं. पट्टी दाबली की तिचं मागचं टोक वर येतं, मधल्या तरफेला ढकलतं आणि तरफ हातोडीला उडवते. हातोडी तारेपाशी पोचायच्या किंचित आधी ढकलणारा भाग बाजूला सटकतो. उरलेलं इवलंसं अंतर हातोडी स्वतःच्या वेगानं जाते, तार ठोकते आणि मागे पडते. तुमचं बोट अजून पट्टीवर असलं तरी. या सुटकेलाच एस्केपमेंट म्हणतात. मागे पडलेली हातोडी उसळून पुन्हा तारेवर आदळू नये म्हणून तिला धरणारा वेगळा भाग, आणि बोट उचललं की तारेवर टेकून सूर थांबवणारा आणखी एक. बोट जितक्या वेगानं पडेल तितक्या वेगानं हातोडी सुटेल. म्हणजे पट्टीला पहिल्यांदाच कळायला लागलं, बोट कसं पडलं ते.

१७००मध्ये मेदिचींच्या वाद्यांची यादी झाली. तिच्यात हळू आणि जोरात वाजणाऱ्या या नव्या वाद्याची नोंद आहे. इटालियनमध्ये हळूला पियानो म्हणतात आणि जोरातला फोर्ते. पियानोचं नाव हे असं, त्याच्या गुणावरून पडलं.

मग जग फिदा झालं? छे. शिपिओने माफ्फेई या लेखकानं १७११मध्ये या वाद्यावर सविस्तर लेख लिहिला, आतल्या यंत्रणेची आकृतीही छापली. वादकांची नाराजीही त्यात आलीय. काहींना आवाज मवाळ आणि दबका वाटत होता. शिवाय हे वाद्य हार्प्सिकॉर्डसारखं वाजवून चालत नव्हतं, हात नव्यानं तयार करावा लागत होता.

१७१३मध्ये राजपुत्र गेला. क्रिस्तोफोरी मेदिचींच्याच सेवेत राहिला आणि १७१६मध्ये वाद्यसंग्रहाचा रखवालदार झाला. साठी ओलांडल्यावरही तो पियानो सुधारतच राहिला. त्याचे तीनच पियानो आज उरलेत. १७२०चा न्यूयॉर्कमध्ये, १७२२चा रोममध्ये आणि १७२६चा लाइपझिगमध्ये. १७३१मध्ये फ्लोरेन्समध्येच तो वारला. खास पियानोसाठी लिहिलेल्या पहिल्या ज्ञात रचना, जिउस्तिनीचे १२ सोनाटा, छापल्या गेल्या १७३२मध्ये. पुढे बराच काळ पियानोच्या शोधाचं श्रेय जर्मन कारागिरांच्या नावावर जमा होत राहिलं.

जर्मनीत हे वाद्य पोचलं ते माफ्फेईच्या लेखामुळे. त्याचा जर्मन अनुवाद १७२५मध्ये निघाला आणि गॉटफ्रीड झिल्बरमान हा नामी कारागीर त्या धर्तीवर पियानो बनवायला लागला. त्यानं आपलं वाद्य योहान सेबास्टियन बाखला दाखवलं. बाखला नाद आवडला, पण त्यानं दोन खोटी काढल्या. वरचे सूर कमकुवत आहेत आणि पट्ट्या जड पडतात. झिल्बरमान दुखावला, तरी अनेक वर्षं खपून त्यानं दोन्ही दोष घालवले. नंतर बाखनंही पसंती दिली.

आता तुमच्या खरेदीकडे येऊ. डिजिटल पियानोत तारा नसतात. हातोडीच्या जागी पट्टीखाली वजनाची यंत्रणा असते. पट्टी किती वेगानं खाली गेली हे सेन्सर मोजतात, त्याचा १ ते १२७मधला एक आकडा होतो आणि त्यानुसार खऱ्या पियानोचा साठवलेला आवाज वाजतो. किंवा तो गणितानं तिथल्या तिथे तयार होतो. स्वस्तातल्या काही कीबोर्डमध्ये हे मोजमापच नसतं. शेकडो आवाज आणि रिदम असतील, पण बोट कसंही पडलं तरी सूर तेवढाच. असा कीबोर्ड घेतलात तर तुम्ही सरळ १७००च्या आधी गेलात!

म्हणून दुकानात स्वतःचा हेडफोन घेऊन जा आणि बाखसारखे चिकित्सक व्हा. एक पट्टी अगदी हळू दाबत न्या. खऱ्या ग्रँड पियानोवर अशानं सूर उमटतच नाही, कारण हातोडी तारेपर्यंत पोचत नाही. एस्केपमेंटची नक्कल असलेल्या वाद्यात तळाशी बारीकसा अडसर बोटाला जाणवतो. मग एकच सूर हलका ते जोरकस असा दहा वेळा वाजवा. आवाज नुसता मोठा होतोय, की त्याचा पोतही बदलतोय? खर्जातला एक सूर दाबून धरा आणि विरेपर्यंत ऐका. वरचे सूर डब्यासारखे वाजत नाहीत ना, तेही बघा. पट्टी मागच्या टोकाला, काळ्या पट्ट्यांच्या मधे दाबा. तिथे ती फारच जड लागली तर पुढे अवघड सुरावटी वाजवताना बोटं दमतील. एकाच पट्टीवर भराभर सूर वाजवून बघा, एखादा गळतोय का. पेडल दाबून बरेच सूर एकावर एक रचा. आधीचे मधेच तुटत असतील तर वाद्याची पॉलिफनी कमी पडतेय.

वजन आणि स्पीकरचंही आधीच विचारा. पूर्ण वजनदार पट्ट्यांचं वाद्य साधारण ११-१२ किलोंपासून २०च्या वर जातं. कॉलेजच्या कार्यक्रमाला ते लोकलमधून न्यायचंय की रिक्षातून, हा विचार तुम्हालाच करायचाय. बऱ्याच स्टेज पियानोंना स्पीकर नसतात, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचा खर्चही हिशेबात धरा.

पैसे कमी पडले तर? आवाजांची संख्या कमी करा, रिदम सोडा, अगदी ८८ऐवजी ७३ पट्ट्या घ्या. पट्टीच्या स्पर्शात मात्र तडजोड नको. आवाज नंतर कॉम्प्युटर जोडून हवे तेवढे बदलता येतील, पट्ट्या आहेत त्याच राहणार आणि तुमचा हातही त्यांच्यावरच घडणार. क्रिस्तोफोरीच्या १७२६च्या पियानोला पट्ट्या फक्त ४९ आहेत आणि बदलायला दुसरा आवाजच नाही. तरी आपण त्याला पियानो म्हणतो, कारण बोट कसं पडलं हे त्याच्या पट्टीला कळतं.