रुडॉल्फ डिझेल : ठिणगीशिवाय इंजिन पेटवणारा माणूस

थंडीच्या पहाटे डिझेल ट्रकचा सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. मेकॅनिक आधी ग्लो प्लगचा रिले बघतो. का बघतो, हे कळायला ज्याचं नाव आपण पंपावर रोज घेतो, त्या माणसाची गोष्ट माहीत हवी.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील मूळचे बव्हेरियाचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडावं लागलं. बारा वर्षांचा रुडॉल्फ जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला गेला. पुढे म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली शिकताना त्याला एक गोष्ट खटकली. वाफेच्या इंजिनात जळणाची बहुतेक उष्णता वायाच जाते!

सायकलचा पंप भराभर मारला की तो तापतो ना? तीच युक्ती. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल, आणि त्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल. ठिणगी नको. १८९३ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचणीत स्फोट झाला, तो थोडक्यात बचावला. १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम मिनिटभर चाललं. १८९७ च्या चाचणीत मात्र इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामी आली. वाफेच्या इंजिनांना ते स्वप्नातही जमत नव्हतं.

पैसा आला, तसा गेलाही. पेटंटचे वाद, फसलेली गुंतवणूक, ढासळलेली तब्येत. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात त्याचा मृतदेह सापडला. नेमकं काय झालं, हे कधीच सिद्ध झालं नाही. रस्त्यावरचे डिझेल ट्रक त्यानंतर दहाएक वर्षांनी आले. ते त्याने पाहिलेच नाहीत.

आता पहाटेचा ट्रक

इंजिन गार असलं की दाबलेल्या हवेची उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. म्हणजे डिझेलची सगळी युक्तीच फसते. ही उणीव ग्लो प्लग भरून काढतो. सगळे प्लग मिळून भरपूर करंट ओढतात. तो किल्लीच्या स्विचला झेपत नाही, म्हणून मध्ये रिले.

तपासणी इंजिन गार असतानाच करा. प्लगचा सप्लाय थोड्याच वेळात बंद होतो, म्हणून एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मल्टिमीटर धरायचा.

१. बॅटरीकडच्या जाड तारेवर बॅटरीएवढे व्होल्ट हवेत. नसतील तर फ्यूज आणि तार बघा.
२. प्लगकडच्या टोकावरही जवळपास तेवढेच आले, तर रिले ठीक आहे. प्लग तपासा.
३. तिथे काहीच नाही, पण बारीक तारांवर कॉइलला सप्लाय आणि अर्थ मिळतोय? मग रिले गेला.
४. कॉइललाच सप्लाय नाही? मग दोष टायमर किंवा वायरिंगमध्ये शोधा.

नुसता ‘टक’ आवाज आला म्हणून रिले चांगला समजू नका, आतले कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात. आणि ग्लो प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे कधीच मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी भडकतो. पहिल्या चाचणीत डिझेल वाचला, दर वेळी नशीब साथ देईलच असं नाही.