मॅट्रिकच्या वर्गातील भीमराव

फेब्रुवारी सरत आला की मलकापुरात ऊन चढू लागते आणि आमच्या वसतिगृहातील दहावीच्या खोल्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे राहतात. ही मुले मोताळा, नांदुरा आणि आसपासच्या खेड्यांतून आलेली असतात. कुणाचे आईवडील कापूस वेचायला जातात, कुणाचे हरभरा सोंगायला, कुणाचे वीटभट्टीवर. दहावीपर्यंत पोहोचलेले घरातील हे पहिलेच मूल, असे अनेकांच्या बाबतीत असते. या दिवसांत सायंकाळच्या वंदनेनंतर आम्ही त्यांना एकत्र बसवतो आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेची कथा सांगतो.

ही कथा सांगताना आमच्याकडून वर्षानुवर्षे एक चूक होत आली आहे. ती या स्मरणिकेत मोकळेपणाने मान्य करणे आम्हांस आवश्यक वाटते. बाबासाहेबांच्या पदव्या आम्ही सांगितल्या, त्यांचा ग्रंथसंग्रह सांगितला, अभ्यासाचे तास सांगितले. त्यांचे मॅट्रिकचे गुण मात्र आम्ही कधी सांगितले नाहीत. त्यामुळे ज्यांना कमी गुण पडले त्यांना ती कथा आधार न वाटता ठपका वाटली. निकालानंतर काही मुले शाळा सोडल्याचा दाखला न्यायलासुद्धा स्वतः आली नाहीत. धाकट्या भावाला किंवा गावातल्या कुणाला पाठवून त्यांनी तो नेला. त्या मुलांची आठवण ठेवून, सोळा वर्षांच्या भीमरावांचे जीवन जसे होते तसे येथे मांडीत आहोत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि कबीरपंथी होते. सेवानिवृत्तीनंतर कुटुंब प्रथम दापोलीस व पुढे साताऱ्यास आले. तेथेच भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा अगदी लहान होते. मीराबाई आत्यांनी घर सांभाळले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमरावांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या वर्गात त्यांना इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी मिळे; शिपाई नसला की दिवस कोरडा जाई. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी भावंडांसह मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना, आणि गाडी मिळाल्यावर रात्रभर पाणी मिळेना. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

एवढे सोसणारे मूल लहानपणापासूनच पुस्तकांत बुडालेले असेल, अशी आपली समजूत होते. वस्तुस्थिती तशी नव्हती. साताऱ्यातील भीमराव खोडकर होते, हट्टी होते, अभ्यासाकडे त्यांचे फारसे लक्ष नसे. वडिलांनी दुसरे लग्न केले, ते त्यांना रुचले नाही. वडिलांच्या जिवावर जगायचे नाही, मुंबईस पळून जाऊन गिरणीत काम धरायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. गाडीभाड्यासाठी आत्यांची पैशाची पिशवी चोरावी, असाही बेत झाला. तीन रात्री तो फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर तिच्यात अवघा अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याने मुंबई गाठता येणार नव्हती. भीमरावांना स्वतःची लाज वाटली, आणि लवकर स्वतंत्र व्हायचे असेल तर शिकण्यावाचून मार्ग नाही, हे त्यांना उमगले. ही हकीकतही त्यांनी लपवून ठेवली नाही. आमच्या वसतिगृहाच्या भिंतीवरून उडी मारून बाजारात गेलेल्या कित्येक मुलांना आम्ही आजवर रागे भरलो. त्यांना ही गोष्ट सांगायला हवी होती.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. भीमराव प्रथम मराठा हायस्कुलात व नंतर एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. सुभेदारांचे निवृत्तिवेतन पुरे पडत नव्हते. दोघाही मुलांना शिकवणे शक्य नव्हते, म्हणून थोरले बंधू आनंदराव यांनी शाळा सोडून नोकरी धरली. एकाच्या मॅट्रिकसाठी दुसऱ्याने आपला वर्ग सोडला, हे आपण विसरू नये.

चाळीतील जागा म्हणजे एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच न्हाणी, तीच निजण्याची जागा. जळाऊ लाकडे तेथेच, जाते तेथेच, आणि घरची शेळीही तेथेच. अशा खोलीत दिवसा पुस्तक उघडणे व्यर्थ होते. यावर सुभेदारांनी एक उपाय काढला. ते भीमरावांना सायंकाळी लवकर झोपवीत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. दोन वाजता ते मुलाला उठवीत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः आडवे होत. मग मिणमिणत्या रॉकेलच्या दिव्याशी भीमरावांचा अभ्यास चाले. दोघांना एकाच वेळी पाठ टेकण्याइतकी जागा त्या खोलीत नव्हती.

या व्यवस्थेकडे आम्ही आजवर केवळ जागरणाचा आदर्श म्हणून पाहिले. नीट पाहिले तर ध्यानात येते की मुलाला आधी झोप मिळे आणि नंतर अभ्यास. जागरण वडील करीत. पहाटेची शांतता ही त्या घरातील एकमेव संपत्ती होती, आणि बापाने आपली झोप मोडून ती मुलाच्या स्वाधीन केली होती.

इंग्रजीचा पाया वडिलांनीच घातला. हॉवर्डची वाचनमाला व तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. भीमरावांना शाळेच्या पुस्तकांपलीकडची पुस्तके लागत. पैसे नसले की सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात. एकीकडे सोय झाली नाही तर दुसरीच्या दारी जात. मंजुळा आणि तुळसा या त्या दोघी बहिणी. त्यांच्याकडून दागिना घेऊन सुभेदार तो गहाण टाकीत, पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. पुढे ज्यांच्या ग्रंथालयाची कीर्ती देशभर झाली, त्यांची पहिली पुस्तके बहिणींच्या दागिन्यांवर आलेली आहेत. आज आपल्या घरांत मुलाच्या शिकवणीसाठी दागिना मोडला जातो. मुलीच्या शिक्षणासाठीही तो तितक्याच तत्परतेने मोडला जातो काय, हा प्रश्न आमच्या पालकांनी एकांतात स्वतःस विचारावा.

एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी होते, मुंबईतील नामांकित होते. तथापि जात तेथेही आधी पोहोचली होती. एकदा शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले. फळ्यामागे मुलांनी आपले जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी मुले धावत गेली आणि त्यांनी आपापले डबे बाजूला काढले. त्यानंतरच भीमरावांनी खडू हाती घेतला आणि गणित सोडविले. दुसरी भाषा म्हणून त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले, आणि नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले.

शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक व ग्रंथकार वाचावयास येत. एकटा बसून वाचणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढवली, आपल्याजवळची पुस्तके त्याला देऊ केली. जातीने वेगळा, वयाने मोठा असा एक गुरुजन भीमरावांना असा लाभला.

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा भीमराव १९०७ साली उत्तीर्ण झाले. चरित्रकारांनी नोंदविल्याप्रमाणे त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. म्हणजे शेकडा अडतीसही नाहीत. सर्वांत जास्त गुण होते फारसीत, म्हणजे जी भाषा त्यांनी मागितली नव्हती तिच्यात. आजच्या गुणपत्रिकांच्या हिशेबाने हा आकडा कुणी पेढे वाटावा असा नाही. पण एका खोलीत, शेळीच्या व जात्याच्या सोबतीने, दोन वाजताच्या दिव्याशी मिळविलेले ते गुण होते. ते मोजायचे तर त्या खोलीसह मोजले पाहिजेत.

समाजाने ते तसेच मोजले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली भीमरावांच्या अभिनंदनाची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले, असे चरित्रग्रंथांत सांगितले आहे. खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत हा प्रसंग त्याहूनही आधीचा, इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्या वेळचा म्हणून सांगितला आहे. वस्तीतील लोकांना सभा भरवायची होती. वडिलांनी साफ नकार दिला; मुलगा केवळ एक परीक्षा पास झाला आहे, एवढ्याने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे पडले. हिरमुसलेले लोक केळुसकरांकडे गेले. केळुसकरांनी सुभेदारांची समजूत घातली आणि सभा झाली. इतर समाजांतील मुलांसाठी जी परीक्षा किरकोळ होती, तिच्यासाठी आपल्या माणसांनी सभा भरविली. कारण आपल्यातील मूल तिथवर पोहोचणे हेच त्यांच्या दृष्टीने मोठे होते.

त्या सभेत हाती पडलेले पुस्तक भीमरावांनी मन लावून वाचले आणि ते त्याने भारावून गेले. घरात रामायण-महाभारत वाचून घेणाऱ्या वडिलांनी बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही, असा प्रश्नही त्यांनी वडिलांना विचारला. वह्या, शाई वा कपडे यांहून वेगळी अशी ही भेट होती. परीक्षेचे गुण कालांतराने विसरले गेले. ते पुस्तक मात्र त्यांच्या मनात जवळजवळ पन्नास वर्षे राहिले.

मॅट्रिकनंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीने कॉलेजचा मार्ग मोकळा झाला. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रात्री दोनपर्यंत जागणारे रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम.ए., १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरची सनद. शेकडा अडतीसच्या आतला तो विद्यार्थी जगातील मोठ्या ग्रंथालयांत सर्वांआधी येऊन सर्वांनंतर जाऊ लागला.

त्यांनी समाजासाठी काय उभारले, याकडे पाहिले म्हणजे डबक चाळीतील खोली पुन्हा आठवते. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि १९२५ साली तिने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. ज्याला अभ्यासाला जागा मिळाली नाही, त्याने हजारोंसाठी जागा केली. आमचे वसतिगृह हा त्याच परंपरेतील एक लहानसा दिवा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. मलकापूरवरून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग आजही दरवर्षी त्या दिवसाची आठवण करून देतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षाभूमीकडे नेणाऱ्या त्या दीर्घ वाटेच्या आरंभी एका शाळकरी मुलाच्या सत्काराची छोटी सभा आणि भेट मिळालेले एक मराठी पुस्तक आहे.

म्हणून यंदापासून दहावीच्या मुलांना ही कथा सांगताना २८२ हा आकडा आम्ही प्रथम सांगणार आहोत. निकालाच्या दिवशी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीला एक पुस्तक देण्यात येईल. गुण कितीही असोत. जे त्या वेळी उत्तीर्ण होणार नाहीत, त्यांनाही ते मिळेल, आणि पुरवणी परीक्षेपर्यंत वसतिगृहातील त्यांची जागा राखून ठेवली जाईल. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या नोंदवहीतील टक्केवारीचा रकाना आम्ही काढून टाकला आहे.

ज्यांनी आपला दाखला दुसऱ्याच्या हातून नेला, त्यांच्यापर्यंतही ही स्मरणिका पोहोचावी अशी आमची इच्छा आहे. नोंदवहीत आता फक्त नाव, गाव आणि वर्गाचे वर्ष लिहायचे आहे. आपण यावे.

जय भीम.