वरोड्याचे वकील : बाबा आमटे

नवी दिल्ली स्थानकात पहाडगंजच्या बाजूने शिरावे आणि चेन्नईकडे जाणारी गाडी धरावी, तर दुसऱ्या दिवशी नागपूर मागे पडल्यावर सेवाग्राम, हिंगणघाट आणि वरोडा ही स्थानके एकामागून एक येतात. प्रत्येक गाडी तेथे थांबते असे नाही. आपल्या मंडळातील वैदर्भीय कुटुंबांनी हा प्रवास उन्हाळ्याच्या सुटीत कितीदा केला असेल याची गणती नाही. मुरलीधर देविदास आमटे यांचे जवळजवळ सारे आयुष्य लोहमार्गाच्या या एवढ्याशा पट्ट्याभोवती गेले. हिंगणघाटास जन्म, सेवाग्रामास दीक्षा, वरोड्यास वकिली आणि वरोड्यापासून दोन-तीन मैलांवरच्या माळावर पुढचे सर्व काही.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणाचे चरित्र द्यावे याची चर्चा निघाली तेव्हा नावे पुष्कळ आली. बाबांचे नाव ठरण्याचे कारण मात्र जरा वेगळे आहे आणि ते सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. जुन्या सभासदांच्या याद्या चाळताना असे ध्यानात आले की, काही मंडळी गेली कित्येक वर्षे गणेशोत्सवास आलेलीच नाहीत. चौकशी केली तर एकाचा पाय पक्षाघाताने गेलेला, एका वहिनींना चाकाच्या खुर्चीवाचून हालता येत नाही, एका घरातला मुलगा जन्मापासून पायांनी अधू. आपला कार्यक्रम वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्या चढून. पन्नास वर्षांत या पायऱ्यांचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. ज्यांना त्या चढवत नव्हत्या त्यांनीही तक्रार केली नाही. ते नुसते येईनासे झाले. बाबांच्या चरित्राकडे आम्ही या वाटेने आलो. त्यांच्या कार्याची सारी हकीकत येथे सांगण्याचा विचार नाही, ती वाचकांना ठाऊकच आहे. कायदा शिकलेला हा माणूस अपंग माणसाच्या हक्कापर्यंत कसा पोचला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२६ डिसेंबर १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. घर जमीनदाराचे, वडील सरकारी नोकरीत. तरुण मुरलीधराचे षोक त्या घराला साजेसे होते. शिकार, चित्त्याच्या कातड्याने मढविलेल्या आसनांची मोटार, इंग्रजी बोलपट आणि त्यांची परीक्षणे लिहून मासिकांना धाडणे, हे सर्व झाले. नागपूरला कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. वरोड्यास ती चांगली चालू लागली आणि चालू लागताच त्यांना तिचा वीट येऊ लागला. गुन्हा करून आलेल्या धनिकास सोडवावे, त्याच्याकडून भरपूर फी घ्यावी, आणि त्याच सुमारास गोरज्याच्या आपल्या शेतावर राबणाऱ्या मजुराच्या हाती दिवसभराच्या कष्टाचे काही आणे पडावेत, हा हिशेब त्यांच्या मनास जमेना. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्यांच्या बचावासाठी ते उभे राहिले. आगगाडीत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटले. १९४६ साली नागपूरच्या घुले घराण्यातील इंदूताईंशी त्यांचा विवाह झाला. याच साधनाताई. त्यांच्याविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र लेखच हवा. बाबांच्या प्रत्येक वेडाचा संसार त्यांनी केला, एवढे येथे म्हणून ठेवतो.

वरोडा नगरपालिकेचे बाबा उपाध्यक्ष होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिच्याशी आपले काम आहे. भंग्यांच्या मागण्यांचा प्रश्न निघाला असता, ते काम स्वतः केल्यावाचून त्याविषयी बोलण्याचा आपणास अधिकार नाही असे ठरवून या उपाध्यक्षांनी डोक्यावरून मैला वाहण्यास आरंभ केला. एका पावसाळी रात्री याच कामावरून परतताना त्यांना तुळशीराम दिसला. रस्त्याच्या कडेला चिंध्यांचा ढीग असावा तसा पडलेला, बोटे झडलेली, जखमांत किडे झालेले. सोजिरांना न भ्यालेला हा माणूस तेथून पळाला. घरी गेल्यावर त्यांना भीती वाटली ती आपल्याच भ्याडपणाची. ते परत आले, तुळशीरामावर आडोसा घातला, त्याचे केले. तो वाचला नाही.

कायद्याच्या पुस्तकात तुळशीराम कोण होता, हेही वकिलास ठाऊक असणार. १८९८ साली इंग्रज सरकारने महारोग्यांसाठी एक कायदा केला होता. उपजीविकेचे साधन नसलेल्या रोग्यास पोलिसाने अधिपत्रावाचून पकडावे आणि महारोग्यांच्या आश्रमात ठेवावे, अशी त्यात सोय होती. विकण्यासाठी अन्न शिजविणे, सार्वजनिक विहिरीवर स्नान करणे, आगगाडी सोडून अन्य भाड्याच्या वाहनात बसणे, यांना अधिसूचित प्रदेशात मनाई करता येत असे. अधू झालेला माणूस हा रुग्ण आहे, या आधी तो उपद्रव आहे, अशी त्या कायद्याची दृष्टी होती. वास्तविक नॉर्वेच्या हॅन्सेनने या रोगाचा जंतू १८७३ सालीच दाखविला होता. म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाची गोष्ट तेव्हाच निकालात निघावयास हवी होती. ती निघाली नाही. लोकांनी पाप मानले आणि सरकारने कोंडवाडा काढला.

वर्ध्याच्या परिसरात निराळा विचार करणारी माणसे होती. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले होते. सेवाग्रामात संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांना हा रोग जडला असता गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. बाबा दत्तपूरला गेले, शिकले, आणि पुढे कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय रोगांच्या विद्यालयात जाऊन त्यांनी रीतसर अभ्यासक्रम पुरा केला. हा जंतू प्रयोगशाळेत वाढविता येत नव्हता म्हणून संशोधन अडले होते. बाबांनी त्यासाठी आपले शरीर पुढे केले आणि जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. घरी पत्नी आणि लहान मुले असताना त्यांनी हे करावयास नको होते, असे आमच्यापैकी काहींना आजही वाटते.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. वरोड्याजवळ खडकाळ, झुडपांनी भरलेली पन्नास एकर जमीन मिळाली. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पहिले काम विहीर खणण्याचे. बोटे नसलेल्या हातांनी कुदळ धरून खडक फोडला गेला. पुढे भाजी पिकली, दूध निघाले, पण वरोड्याच्या बाजारात ते घेण्यास गिऱ्हाईक नसे. परदेशांतून श्रमदानास आलेले तरुण आनंदवनात राहिले, तेथले अन्न खाऊ लागले, तेव्हा कोठे गावाची भीड चेपली. आपल्या शेजाऱ्याच्या हातचे खाण्यास आपल्याला परदेशी पाहुण्याचा दाखला लागावा, याचे वाईट वाटते.

येथे रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते कळल्यावाचून बाबांचे म्हणणे नीट उमगत नाही. कुष्ठरोगात बोटे आपोआप गळून पडत नाहीत. जंतू नसांवर हल्ला करतो आणि त्वचेची संवेदना जाते. मग चुलीवरचे भांडे उचलताना हात भाजला तरी समजत नाही, तळपायात काटा रुतून दिवसचे दिवस राहतो, जखम चिघळते, हाड झिजते. हाताचे स्नायू दुबळे होऊन बोटे आकड्यासारखी वळतात. पापणी मिटेनाशी झाली की डोळाही जातो. १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन आले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली आणि सहा महिने ते वर्षभरात माणूस जंतुमुक्त होऊ लागला. दवाखान्याच्या वहीत तो बरा झाला. परंतु वळलेला हात वळलेलाच राहिला आणि त्या हाताकडे पाहून त्याला घरात घेत नाहीत ते नाहीतच. औषधाचे काम जेथे संपते तेथे अपंगत्वाचा प्रश्न सुरू होतो, हे बाबांनी फार लवकर ओळखले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड वळलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करीत होते, मऊ रबराच्या चपला रोग्यांचे पाय वाचवीत होत्या. हे उपचारही जंतुनाशक गोळीइतकेच आरोग्यसेवेचे भाग होत. सरळ झालेल्या हाताला काम हवे, म्हणून आनंदवनात शेतीबरोबर माग आले, सुतारकाम आले, मुद्रण आले. दया मागणे बाबांना मान्य नव्हते. देणगी माणसाला निकामी करते आणि काम त्याला उभे करते, अशी त्यांची धारणा होती.

त्यामुळेच आनंदवनाचे दार पुढे इतरांनाही उघडले. अंध मुलांची शाळा निघाली, मूकबधिर मुलांची निघाली, हातापायांनी अधू असलेल्यांना धंदेशिक्षण देणारे संधिनिकेतन निघाले. कुष्ठरोग्यांनी आपल्या श्रमातून उभारलेल्या वसाहतीत गावच्या धडधाकट मुलांसाठी महाविद्यालय आले, हा तर न्यायाचा उलटा फेराच म्हणावा लागेल. सोमनाथच्या श्रमछावण्या, १९७३ पासूनचे हेमलकशाचे काम, मॅगसेसे पुरस्कार, नर्मदाकाठचा मुक्काम आणि त्या प्रश्नावर १९९१ साली परत केलेल्या पद्म पदव्या, हे सर्व सर्वश्रुत आहे.

एक गोष्ट मात्र पुरेशी सांगितली जात नाही. बाबा स्वतः अपंग होते. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना आयुष्याची कित्येक दशके बसता येत नसे. उभे राहावे नाहीतर आडवे व्हावे, तिसरा मार्ग नव्हता. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा निघाली तेव्हा तरुण मंडळी सायकलींवर होती आणि बाबा त्यांच्यासाठी मुद्दाम सोय केलेल्या बसमध्ये बिछान्यावर पडून होते. खुर्ची चालत नाही म्हणून त्यांना वगळून यात्रा काढावी, असे कोणाच्या मनात आले नाही. वाहनच त्यांच्या शरीराप्रमाणे बदलले गेले. आजच्या कायद्याच्या भाषेत यालाच वाजवी सोय म्हणतात.

बाबांच्या कार्याविषयी एक शंका नोंदविणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते. आनंदवन कितीही हिरवे झाले तरी ते वेगळे गाव आहे. बऱ्या झालेल्या माणसाने आपल्याच गावी, आपल्याच घरी परतावे, हा त्याचा पहिला हक्क. तो मिळाला नाही म्हणून आनंदवन लागले. दिल्लीत ताहिरपूरला कुष्ठरुग्णांच्या वसाहती आहेत. आपल्यापैकी किती जण तेथे गेले असतील? १९५९ चा मुंबईचा भिक्षाप्रतिबंधक कायदा दिल्लीसही लावला गेला. भीक मिळविण्यासाठी जखम वा व्यंग दाखविणे हेदेखील त्या कायद्याच्या व्याख्येत बसत होते. म्हणजे ज्याला घराने टाकले, कामाने टाकले, त्याचा शिल्लक राहिलेला हातही गुन्ह्याचा पुरावा ठरे. भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली.

अपंगांच्या हक्कांचा पहिला सर्वंकष केंद्रीय कायदा १९९५ साली झाला. त्यातील सात प्रकारांत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचा समावेश होता. बाबा तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या गेल्या, तरी जुने कायदे जागच्या जागी राहिले.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दहन न करता आनंदवनाच्या मातीत ठेवले. त्याच वर्षी, आपल्या पहाडगंजापासून थोड्याच अंतरावर असलेल्या सर्वोच्च न्यायालयात ओरिसातील एका नगरपालिका सदस्याच्या खटल्याचा निकाल लागला. निवडून आलेला हा गृहस्थ कुष्ठरोगी असल्यामुळे त्याचे पद गेले होते. कुष्ठरोग्यास अपात्र ठरविणारे १९५० च्या कायद्यातील कलम न्यायालयाने वैध ठरविले. बदललेल्या वैद्यकीय परिस्थितीत ते ठेवावे की नाही याचा विधिमंडळाने विचार करावा, अशी सूचना तेवढी केली. वरोडा नगरपालिकेच्या उपाध्यक्षांनी साठ वर्षे ज्यांच्यासाठी घालविली, त्यांच्यापैकी कोणी ओरिसात त्यांच्याच खुर्चीवर बसू शकत नव्हता.

१८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. त्याच वर्षी अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा संमत होऊन प्रकारांची संख्या एकवीस झाली, राखीव जागा चार टक्के झाल्या, आणि रुग्णालयांत अडथळ्यांवाचून प्रवेश मिळावा व उपचारात प्राधान्य असावे हे सरकारचे कर्तव्य ठरले. जोडीदारास कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून होती, ती २०१९ साली काढली गेली. अपंग शब्द जाऊन सरकारी कागदांत दिव्यांग आला. शब्द बदलणे सोपे पडते. आमच्या चौदा पायऱ्या मात्र अद्याप तशाच आहेत, आणि यंदाचा उत्सव तळमजल्यावर घेण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. चाकाच्या खुर्चीवरील त्या वहिनींना विचारले, तेव्हा जागा कोणतीही घ्या, पण नाटकाच्या वेळी आपल्याला अगदी मागच्या रांगेत बसवू नका, एवढीच अट त्यांनी घातली.