कॅन्टीनमध्ये सुरू झालेली आयआयटी आणि डॉ. केळकर

इंजिनिअरिंगला प्रोग्रॅमिंगचा पेपर सगळ्याच ब्रँचना असतो. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाले त्यावर कुरकुरतात, आमच्या बॅचमध्येही कुरकुरायचे. या पेपरचा माग काढत मागे गेलं की आपण १९६० च्या दशकातल्या कानपूरला पोचतो. तिथे भेटतात एक मराठी गृहस्थ, डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर.

जन्म १९०९ चा, धारवाडचा. बंगळुरूच्या आयआयएससीत शिक्षण, मग लिव्हरपूलहून पीएचडी. १९४३ मध्ये ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये इलेक्ट्रिकल विभागाचे प्रमुख झाले. (तेव्हा त्यातल्या व्हीजेचा अर्थ व्हिक्टोरिया ज्युबिली होता, वीरमाता जिजाबाई नंतर आल्या.) पुढे १९५६ पासून पवईच्या आयआयटीची आखणीही त्यांच्याकडे आली. म्हणजे पन्नाशीत माणूस मुंबईत छान स्थिरावलेला. आणि १९५९ च्या डिसेंबरमध्ये ते कानपूर आयआयटीचे पहिले संचालक म्हणून निघाले.

तिथे होतं काय? जवळजवळ काहीच नाही. हारकोर्ट बटलर इन्स्टिट्यूटच्या कॅन्टीनची इमारत उसनी घेऊन कामाला सुरुवात झाली. १९६० मध्ये पहिले १०० विद्यार्थी आले. अमेरिकेची मदत चर्चेत होती, पण ९ अमेरिकी विद्यापीठांचा कार्यक्रम प्रत्यक्ष सुरू झाला १९६२ मध्ये. मधल्या काळात शिकवायचं कोणी, कुठे, कशावर, हे सगळं केळकरांना उभं करायचं होतं. कॅम्पसचं डिझाइन अच्युत कानविंदे यांनी केलं, तेही आपल्या कोकणातले.

परदेशात शिकलेल्या तरुण भारतीयांना त्यांनी परत बोलावलं. मला हा त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो, कारण अमेरिकी प्राध्यापक कधीतरी परत जाणारच होते. इंजिनिअरिंगच्या मुलांना विज्ञान आणि मानव्यविद्याही भरपूर शिकवायच्या, असा अभ्यासक्रम त्यांनी रुजवला.

मग १९६३ मध्ये आला आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर. भारतात कॉम्प्युटर त्याआधीही होते, कोलकात्याच्या आयएसआयमध्ये, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये. पण ते संशोधकांचे. इथे कॉम्प्युटर कॉलेजच्या पोरांच्या हाती आला. फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, तो कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा आणि गठ्ठा मशीनला भरवायचा. एक कार्ड चुकलं की पुन्हा पहिल्यापासून! आणि मशीन तरी कसलं? या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत बेरीज करणारं सर्किटच नव्हतं. पाढ्यांसारखे तक्ते आधी मेमरीत भरून ठेवायचे, मशीन त्यात बघून उत्तर काढायचं. मेमरी सुरू व्हायची २०,००० अंकांपासून. तुमच्या गॅलरीतला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही.

एवढ्या महागड्या वस्तूला कुलूप लावून ठेवणारे संचालक आपल्याकडे कमी नाहीत. (लॅबची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर, हे कोणी अनुभवलं नाही?) कानपूरने उलट केलं. विस्कॉन्सिनहून परतलेले व्ही. राजारामन आणि त्यांचे सहकारी बाहेरच्या संस्थांतल्या शास्त्रज्ञ-इंजिनिअरांसाठीही छोटे कोर्स घेऊ लागले. राजारामन यांचं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक पुढे देशभरातल्या कॉलेजांत पोचलं. कॉम्प्युटर सायन्स ही पदवीची वेगळी शाखा होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा या विषयात नोकऱ्या मिळतील की नाही, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

१९६९ मध्ये केळकरांना पद्मभूषण मिळालं. १९७० मध्ये ते पवईला परतले, आयआयटी मुंबईचे संचालक म्हणून, आणि १९७४ पर्यंत तिथे राहिले. दरम्यान १९७२ मध्ये अमेरिकी कार्यक्रम संपला. कानपूरमधले वर्ग मात्र चालूच राहिले, केळकरांच्या काळात आलेल्या माणसांच्या जोरावर. १९९० मध्ये केळकर गेले. कानपूर आयआयटीच्या लायब्ररीला आज त्यांचं नाव आहे.