विश्लेषण : कॅनव्हासला ब्रश न लावता चित्र! मॅन रे यांनी एअरब्रशला कलेत कसे आणले?

लहान मॉडेल रंगवणाऱ्यांच्या टेबलावर आज एअरब्रश आणि कॉम्प्रेसर सर्रास दिसतो. पण शंभर वर्षांपूर्वी याच साधनाने काढलेल्या चित्रांवरून न्यूयॉर्कमधील समीक्षक संतापले होते. त्या चित्रांचे कर्ते होते मॅन रे.

मॅन रे कोण होते?

त्यांचे मूळ नाव इमॅन्युएल रॅडनित्स्की. जन्म 27 ऑगस्ट 1890 चा, अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा. वडील शिंपीकाम करत. पुढे कुटुंब न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनला आले. वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती नाकारून त्यांनी चित्रकार व्हायचे ठरवले. पोटापाण्यासाठी मात्र जाहिरातींची आणि नकाशांची कामे करावी लागली. एअरब्रशची ओळख झाली ती या व्यावसायिक कामातूनच.

एअरब्रश तेव्हा कशासाठी वापरत?

हे साधन 19 व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाले. दाबाखालची हवा बारीक तोंडातून सुटते, सोबत पातळ रंग ओढून घेते आणि त्याचे तुषार करते. छायाचित्रांतील दोष झाकणे, जाहिरातीतील वस्तू गुळगुळीत दाखवणे ही त्याची मुख्य कामे. म्हणजे ते कारागिराचे हत्यार होते, कलावंताचे नव्हे.

वाद कशामुळे झाला?

1917 ते 1919 या काळात मॅन रे यांनी हेच हत्यार स्वतःच्या चित्रांसाठी वापरले. कापलेले कागद आणि हाताशी असलेल्या वस्तू पृष्ठभागावर ठेवायच्या, वरून रंग फवारायचा आणि वस्तू उचलायच्या. मागे उरायची ती धूसर कडांची आकृती. या चित्रांना त्यांनी ‘एरोग्राफ’ म्हटले. नृत्याच्या नावावरून केलेले ‘सेगिडिया’ (1919) हे त्यातलेच. हाताऐवजी यंत्राने काढलेले चित्र म्हणजे कलेची अप्रतिष्ठा, असा आक्षेप घेतला गेला. मॅन रे यांना मात्र कुंचल्याचा फटकारा न दिसणारे चित्रच हवे होते.

पुढे काय घडले?

1921 मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे अंधाऱ्या खोलीत काम करताना त्यांनी प्रकाशसंवेदी कागदावर वस्तू ठेवून थेट प्रकाश टाकला. ही ‘रेयोग्राफ’ चित्रे झाली. पद्धत जुनीच, फक्त रंगाच्या जागी प्रकाश आला. 18 नोव्हेंबर 1976 रोजी पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांचे 1924 चे ‘ल व्हायोलाँ द अँग्र’ हे छायाचित्र 2022 मध्ये लिलावात सुमारे 1 कोटी 24 लाख डॉलरला गेले. लिलावात विकल्या गेलेल्या छायाचित्रांमध्ये तो विक्रम ठरला.

आजच्या छंदिष्टांनी यातून काय घ्यावे?

साधन निवडताना आधी काम ठरवावे. बारीक तपशिलांसाठी 0.2 ते 0.3 मिलिमीटरचे तोंड, तर प्रायमर किंवा मोठ्या भागासाठी 0.5 मिलिमीटरचे सोयीचे. ‘डबल अ‍ॅक्शन’ प्रकारात हवा आणि रंग वेगवेगळे आवरता येतात. सुरुवातीला अवघड वाटले तरी तोच पुढे उपयोगी पडतो. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर हवा एकसारखी मिळते. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर हवाच, आणि मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत पाणी अडवणारा फिल्टरही. लहान मॉडेलसाठी साधारण 15 ते 25 पीएसआय दाब पुरतो.

बाकी काम हाताचे : काय झाकायचे, किती अंतरावरून फवारायचे आणि कुठे थांबायचे. मॅन रे यांच्या चित्रांतही हे निर्णय यंत्राने घेतलेले नव्हते.