मगनवाडीचे हिशेबनीस

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचे नाव गांधीवादी अर्थविचाराच्या चर्चेत आदराने घेतले जाते. परंतु ते मुळात हिशेबतपासनीस होते, ही गोष्ट बहुधा तळटीपेत जाते. वस्तुतः त्यांच्या कार्याचे मर्म तेथेच आहे.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकून त्यांनी मुंबईत व्यवसाय केला व पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत अध्ययन केले. राज्याची करव्यवस्था व हिंदुस्थानचे दारिद्र्य यांचा संबंध तपासणारा प्रबंध घेऊन ते १९२९ मध्ये साबरमतीस गेले. गांधीजींनी तो ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला आणि गुजरात विद्यापीठाच्या वतीने खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांच्यावर सोपविली. आकड्यांतले दारिद्र्य तेथे प्रथमच घरादारांच्या रूपाने त्यांच्यासमोर उभे राहिले.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे आले. गांधीजी आपल्या मंडळींसह तेथे गेले, तेव्हा त्यांच्या भोजनाचा खर्च निधीतून देण्यास कुमारप्पांनी नकार दिला. पीडितांसाठी गोळा झालेला पैसा पाहुण्यांवर खर्च होणार नाही, मग तो पाहुणा कोणीही असो! हा करारीपणा अनेकांना रुक्ष वाटला असेल. गांधीजींना मात्र तो मानवला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याची संघटना कुमारप्पांकडे आली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेतील वास्तूला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले. हातकागद, तेलघाणी, ताडगूळ, मधुमक्षिकापालन, साबण असे उद्योग येथे तपासले जात, त्यांची साधने सुधारली जात, आणि ग्रामसेवक विद्यालयात शिकलेले तरुण ते ज्ञान घेऊन आपापल्या प्रांतांत जात. गावोगावच्या सेवासंस्थांना देणगी पुरवीत राहण्यापेक्षा उद्योग चालविण्याचे कसब द्यावे, हा या खटाटोपाचा हेतू होता. देणगीवर जगणारी संस्था दात्याच्या मर्जीवर जगते. परंतु केवळ विक्रीवर डोळा ठेवणारी संस्था कारागिराची मजुरी कापून स्वस्ताई साधू लागते. या दोन संकटांमधली वाट अरुंद होती. म्हणून वस्तूच्या किमतीत कच्चा माल कोठून आला, काम कोणाच्या हाताला मिळाले आणि पैसा गावात राहिला की बाहेर गेला, हेही मोजले पाहिजे, असा कुमारप्पांचा आग्रह राहिला. व्यापारी जमाखर्चात या रकान्यांना जागा नव्हती. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात ही साधने व वस्तू लोकांपुढे मांडण्यात आल्या.

कारावासात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये या हिशेबाला तात्त्विक रूप आले. फुलांतून मध घेताना परागसिंचन करणारी मधमाशी तेथे उद्यमाचे उदाहरण ठरते, तर पिलांना भरविणारी पक्षीण सेवेचे. पशुपक्ष्यांच्या दृष्टांतांतून अर्थशास्त्र सांगणारा हा ग्रंथ इंग्रजीत असला, तरी पंचतंत्राच्या वाचकाला परका वाटणार नाही. अभ्यासकांनी त्याकडे वाङ्मय म्हणून फारसे पाहिलेले नाही, हे नवलच.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. समितीचा अहवाल १९४९ मध्ये निघाला. शासनाचा ओघ मोठ्या यंत्रोद्योगाकडे वळताना पाहून त्यांनी कठोर टीका केली. अखेरची वर्षे त्यांनी मदुराईजवळच्या कल्लुपट्टी येथील गांधी निकेतनात काढली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले.