डिग्रीवाचून नोकरी हुकली, तरी पक्ष्यांचा मास्तर झाला

मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी सलीम अलींचा जन्म झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी लेकरं सांभाळली. मामांना शिकारीचा शौक. पोराच्या हातीही छर्‍याची बंदूक आली अन् एक दिवस त्यानं चिमणी पाडली. गळ्याला पिवळा डाग असलेली ही चिमणी कुठली, ते घरात कोणाला सांगता येईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. पोरगं तिथंच अडकलं.

पण पक्ष्यांवर पोट भरत नव्हतं. ब्रह्मदेशातला घरचा धंदा बुडाला. विद्यापीठाची डिग्री नसल्यानं सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली जागा हुकली. म्युझियममध्ये गाईडची नोकरी मिळाली. पुढं बर्लिनला जाऊन ते पक्षीशास्त्र शिकून आले, तर तीही जागा पैशाअभावी बंद झालेली.

खर्च परवडेना म्हणून १९३० मध्ये ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तिथं झाडाला सुगरणीचे खोपे लटकलेले. रोज तासन् तास बसून त्यांनी टिपून ठेवलं, की खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तरच तो पुरा होतो. मग नर दुसरा खोपा घेतो. बेकारीतल्या या अभ्यासानं त्यांचं नाव झालं.

नंतर संस्थानांना त्यांनी सांगितलं, पगार नको, फक्त खर्च द्या, तुमच्या मुलखातले पक्षी मोजून देतो. हैदराबादपासून सुरुवात झाली. राहुट्यांतल्या त्या दिवसांत तेहमिना सोबत असायच्या. १९३९ मध्ये छोट्या ऑपरेशननंतर त्या गेल्या. सलीम अली खचले, पण काम थांबलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. साध्या माणसालाही त्यातून पक्षी ओळखता येऊ लागला. डिलन रिप्ले यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पुरा झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. परदेशी बक्षिसाचे पैसे त्यांनी सोसायटीच्या कामाला दिले.

राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा, म्हणजे तो वाचेल, असा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. १९७९ मध्ये सोलापूरच्या नान्नज भागात माळढोकसाठी अभयारण्य झालं. २० जून १९८७ रोजी सलीम अली गेले.

त्यानंतर माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या. आज नान्नजला माळढोक दिसणं नशिबाची गोष्ट झालीय. सुगरण मात्र विहिरीवरच्या बाभळीला अजून खोपा विणते. तेवढी बाभूळ तोडली नाही, तरी सलीम अलींचं थोडं काम पुढं चाललं म्हणायचं.